शेजारचा आंबा आणि पूर्वेची खिडकी

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं १९८८ साली बांधलेलं बैठं घर आहे. पूर्वेला आप्पांचं घर आणि त्यांची बाग. आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांची खोली पूर्वेच्या अंगाला. पूर्वी थंडीत सकाळी त्यांच्या पलंगावर ऊन यायचं. गेली तीन-चार वर्षं नऊ वाजतासुद्धा ट्यूब लावावी लागते, भिंतीला ओल आणि कोपऱ्यात बुरशी. आप्पांचा जुना आंबा आमच्या खिडकीपासून वीसेक फुटांवर, आग्नेयेला आहे, उंची चाळीस फूट तरी असेल. कंपाउंडला लागून त्यांनी बारा वर्षांपूर्वी अशोकाची रांग लावली, ती पंचवीस फुटांवर गेली. शिवाय दोघांच्या सामाईक भिंतीत एक उंबर आपोआप उगवलाय, भिंतीला चीर पडलीय. परड्यात ऊन नाही, म्हणून यंदा चटणीच्या मिरच्या नणंदेच्या गच्चीवर वाळवल्या. आप्पांना दोनदा सांगितलं, तर "आमच्या वडिलांनी लावलेलं झाड आहे, हात लावायचा नाही," म्हणाले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर "बघतो काकू" म्हणतो. माझा भाऊ म्हणतो, आपल्या हद्दीतल्या फांद्या आपण तोडू शकतो, रविवारी माणसं लावतो. गल्लीतल्या एकानं बुंध्याला भोक पाडून काहीतरी घालायला सांगितलं, ते मला पटत नाही. पावसाचा मारा येतो म्हणून त्या खिडकीवर आम्ही पत्रा घातलाय, एवढाच काय तो आमच्याकडून बदल. माझ्या घराला उजेडाचा हक्क आहे की नाही? आणि चाळीस वर्षांचा शेजार न मोडता हे कसं मिटवू?
— नाव छापू नये, राजारामपुरी

ताई,

आधी भावाला फोन करा आणि रविवारची माणसं थांबवा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर ती हद्दीपर्यंत छाटता येते, हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानलेलं आहे. पण राजारामपुरी महापालिकेच्या हद्दीत आहे आणि तिथं महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे बुंध्यावर कुऱ्हाड घालणं एवढंच धरलेलं नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही तऱ्हेनं इजा करणं, सगळं त्यात येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. झाड आप्पांचं असलं तरी विनापरवाना कोयता चालवल्याचा जाब भावाला आणि तुम्हाला द्यावा लागेल. आणि तोडलेली फांदी, तिच्यावरच्या कैऱ्यांसकट, आप्पांच्या मालकीची. ती उचलून चुलीत घातली तर आणखी एक भांडण.

भोक पाडणाऱ्या सल्लागाराला चहा पाजून वाटेला लावा. हिंग, मोरचूद, ॲसिड असले प्रकार गल्लीगल्लीत सांगितले जातात. गुन्हा तर तो आहेच, पण वाळलेला आंबा काही अदृश्य होत नाही. तो तसाच उभा राहतो, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्याला त्याच्या फांद्या पडणार त्या तुमच्याच पत्र्यावर.

आता उजेडाकडे येऊ. आप्पांपुढे तुम्ही बहुधा 'तुमची झाडं' असं सरसकट बोलला असाल. त्यामुळे त्यांना ऐकू आलं ते "झाडं तोडा" एवढंच. तुम्हाला लाकूड नकोय, ऊन हवंय. मग मागणीही उन्हाचीच करा : कुठली खिडकी, कुठला महिना, किती वाजता.

हे मोजायचं कसं ते कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात आपण वर्षानुवर्षं तेच करत आलोय. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं आधी देवीच्या चरणांवर, मग कमरेवर, मग मुखावर जातात की नाही, हे मिनिटागणिक टिपलं जातं. किरणं मध्येच अडली तर कुणी "देवळासमोरचा अख्खा महाद्वार रोड पाडा" म्हणत नाही. नेमका कुठला फलक, कुठला पत्रा, कुठल्या इमारतीचा कुठला कोपरा आडवा येतो ते शोधलं जातं आणि तेवढंच काढायची मागणी होते. सासूबाईंच्या खिडकीलाही हाच हिशोब लावा. आठवड्यातून एकदा, सकाळी ९ आणि १० ला, त्याच जागेवर उभं राहून खिडकीतून बाहेरचा आणि बाहेरून खोलीतला असे दोन फोटो काढा. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढी नोंद हातात असली की पुढचं बोलणं सोपं होतं, मग ते आप्पांशी असो नाहीतर वकिलाशी.

थोडं गणित मांडतो, कारण सगळा निकाल त्यातच आहे. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी सकाळी ९ वाजता आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंश वर आलेला असतो आणि असतो साधारण आग्नेयेला, म्हणजे तुमच्या आंब्याच्या दिशेला. वीस फुटांवरच्या झाडापाशी तो किरण खिडकीच्या पातळीपेक्षा नऊएक फूट उंचीवरून येतो. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फूट आणि वरची सात फूट धरली, तर ९ चं ऊन आंब्याच्या १२ ते १६ फूट उंचीच्या पट्ट्यातून यायला हवं आणि १० चं ऊन १७ ते २१ फुटांच्या पट्ट्यातून. चाळीस फुटांवरचा शेंडा या वाटेत कुठंच येत नाही.

म्हणजे सगळे जण जे मागतात, "शेंडा उडवा", त्यानं सासूबाईंच्या पलंगावर एक कवडसासुद्धा वाढणार नाही. उलट आंब्याचा शेंडा मारला की खालून धुमारे फुटतात, दोन पावसाळ्यांत झाड आधीपेक्षा दाट होतं, आणि ते धुमारे खोडाला नीट सांधलेले नसल्यानं वाऱ्यात चटकन फाटतात. तुम्हाला हवीय ती खालच्या अंगाची छाटणी : खिडकीच्या दिशेनं झुकलेल्या, जमिनीपासून साधारण दहा ते वीस फुटांमधल्या मोजक्या फांद्या, आणि त्यांच्यावरच्या घेरात थोडी विरळणी. झाडाचा एकूण घेर एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त कमी करायचा नाही. एकाच अंगानं झाड उघडं पडतंय असं दिसलं तर काम दोन वर्षांत विभागून करा. आंबा तसाच डौलात उभा राहील, आप्पांना त्यांच्या अंगणातून बघताना फरकही फारसा कळणार नाही. माझ्या मते त्यांना पटण्यासारखा मुद्दा हाच आहे : वडिलांचं झाड जातंय कुठं?

(हाच आंबा तुमच्या पश्चिमेला असता तर मी त्याला हात लावू नका असं सांगितलं असतं. मार्च ते मे दुपारनंतरचं ऊन अडवणारं झाड घराला मिळणं हे नशीब. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर कोल्हापुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेचं-उत्तरेचं असं काही उरतच नाही.)

अशोकाचं गणित वेगळं. ही रांग म्हणजे खोटा अशोक, जमिनीपासून शेंड्यापर्यंत सारखाच दाट, त्यामुळे खालच्या फांद्या काढून काही साधत नाही. इथं उंचीच उतरवावी लागेल. कंपाउंड तुमच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर असेल असं धरलं, तर रांग नऊ-दहा फुटांवर आणली की ९ चं ऊन पूर्ण खिडकीला मिळतं. परड्याचाही प्रश्न बराचसा इथंच सुटतो. मिरच्या वाळवायच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलात, सकाळी ९ ला पंचवीस फुटी अशोकाची सावली तेहेतीस फुटांपर्यंत पसरते. तोच दहा फुटी असेल तर तेरा फुटांवर थांबते. आंब्याला शेंडा मारणं मानवत नाही, पण हा अशोक छाटून कुंपणासारखा ठेवता येतो, कित्येक बंगल्यांत तसा ठेवलेला दिसतो. आप्पांनी ती रांग लावली ती आडोशासाठी. आडोसा माणसाच्या नजरेपुरता लागतो, त्यासाठी नऊ फूट पुष्कळ झाले. हे त्यांना असंच सांगा. बारा वर्षांपूर्वी हौसेनं लावलेल्या अशोकाशी कुणाच्या वडिलांच्या आठवणी जोडलेल्या नसतात. म्हणून छाटणीची बोलणीही अशोकापासून सुरू करा, आंब्यापासून नको. पहिली छाटणी झाली आणि काही आभाळ कोसळलं नाही असं दिसलं की माणूस दुसऱ्या गोष्टीला तयार होतो.

उंबराचं मात्र ऐकून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आंबा आणि अशोक उजेड खातात, उंबर भिंत खातो. पक्ष्याच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं, चुन्या-सिमेंटच्या सांध्यात मुळं शिरतात आणि जाड होत जातात तशी चीर वाढते. वरचा कोंब दर महिन्याला मोडून उपयोग नाही. मुळं आतच राहतात आणि तो पुन्हा फुटतो. शिवाय आपल्या भागात औदुंबर म्हणजे दत्तगुरू. नृसिंहवाडीला वारी असणाऱ्या घरात कुणी त्याला कोयता लावायला धजत नाही, आणि आप्पांचं घरही त्यातलं असू शकतं. तर तोडायची भाषाच काढू नका, हलवायची काढा. मृगाचा पाऊस पडला की सांधा छिन्नीनं मोकळा करायचा, रोप जमेल तेवढ्या मुळांसकट काढायचं आणि मोकळ्या जागेत, घर आणि भिंत यांच्यापासून चांगलं लांब, लावायचं. पूजा करायची असेल तर आप्पांच्या हातानं करा. मग भिंत गवंड्याकडून लगेच भरून घ्या, फट उघडी राहिली तर पुढच्या पावसात दुसरं काहीतरी उगवेल. भिंत सामाईक आहे, खर्च निम्मा-निम्मा. यात आप्पांचाही फायदा आहे, आणि दोघांचा फायदा असलेलं एक काम आधी मिळून केलं की बाकीच्या दोन कामांचा सूर बदलतो. खोड मनगटापेक्षा जाड झालं असेल तर त्यालाही परवानगी घ्या, उगाच वाद नको.

आता आप्पांशी कसं बोलायचं. दोनदा सांगितलंत म्हणता, पण कुठं? कंपाउंडवरून सांगितलं असेल तर ते सांगणं झालंच नाही. त्यांना थंडीतल्या एखाद्या सकाळी नऊला चहाला बोलवा आणि चहा हॉलमध्ये देऊ नका, सासूबाईंच्या खोलीत द्या. ट्यूब लावू नका. सासूबाईंनाच बोलू द्या. ८४ वर्षांच्या बाईनं "आप्पा, उन्हाला बसायची सोय राहिली नाही बघा" म्हटलेलं आणि साठीच्या शेजारणीनं तक्रार केलेली, यात फरक पडतो. त्या दिवशी कायदा, नोटीस, भाऊ यातलं काही काढायचं नाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर या विषयाचं एक अक्षर टाकू नका. तिथं एकदा बाजू पडल्या की आप्पांना माघार घेणं अवघड होईल. छाटणीचा खर्च तुम्ही करता असं स्वतःहून सांगा. तत्त्व म्हणून झाडाच्या मालकानं करायला हवा हे खरं, पण तत्त्वापायी आणखी दोन थंड्या जातील.

मुलाला वगळू नका. जागा कुणाच्या नावावर आहे ते नगर भूमापन कार्यालयातल्या प्रॉपर्टी कार्डावर दिसतं. आप्पांच्या वडिलांनंतर वारसांची नावं लागली असतील तर त्यात पुण्याचे किंवा आणखी कुठले भाऊ-बहिणीही असू शकतात, आणि अर्जावर सही मालकाची लागते. "बघतो काकू" म्हणणाऱ्या मुलाला नुसता फोन करू नका. खिडकीतून काढलेला फोटो घ्या, त्यावर कुठल्या फांद्या त्या लाल रेघेनं दाखवा आणि पाठवा. नेमकं काय हवंय ते दिसलं की पुढच्या पिढीची माणसं बहुधा पटकन हो म्हणतात. त्यांना भीती असते ती काम कुठवर वाढेल याची.

आता तुमचा मूळ प्रश्न, उजेडाचा हक्क. आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीला वीस वर्षं सलग, शांतपणे, हक्कानं उजेड मिळत आला असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमचं घर १९८८ चं, म्हणजे वीस वर्षं केव्हाच झाली. पण त्याच कलमात एक अट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते : ही वीस वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. शिवाय अडथळा आल्याचं कळूनही वर्षभर मुकाट्यानं सोसलं तर तो खंड धरला जातो. तुम्ही म्हणता उजेड जाऊन तीन-चार वर्षं झाली. भिंत एका महिन्यात उभी राहते, तिची तारीख सांगता येते. झाड रोज थोडं वाढतं, ते नेमकं कधी आडवं आलं हे कोर्टात कसं दाखवणार? तुम्ही दोनदा तोंडी हरकत घेतलीत ही जमेची बाजू, पण तिचा कागद नाही. म्हणून आजच एक साधं, गोड भाषेतलं पत्र आप्पांना द्या आणि पोच घ्या. धमकी नको, वकिलाचं लेटरहेड नको. "अमुक सालापासून ऊन कमी झालंय, आपल्याला पूर्वीही विनंती केली होती" एवढं तारखेसह पुरे.

पुढचं. हक्क इमारतीच्या खिडकी-दाराला आहे. मोकळ्या जागेला उजेडाचा असा हक्क मिळवताच येत नाही, कलम १७ नं तो नाकारलाय. म्हणजे परडं बाद. चटणीच्या मिरच्यांसाठी कुठलंच कोर्ट ऊन देणार नाही, तिथं फक्त शेजारधर्म चालतो. आणि खिडकीच्या बाबतीतही उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही. कलम ३३ प्रमाणे नुकसान भरीव हवं, राहणाऱ्याच्या स्वास्थ्याला खरोखर बाध येणारं. दिवसा ट्यूब लागणं, ओल, बुरशी हे त्या दिशेचे पुरावे आहेत, म्हणूनच फोटोंचा आग्रह. पण समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल : खिडकीवर पत्रा कुणी घातला? तो आधी काढा आणि तिथं पारदर्शक पन्हळी शीट टाका. पाऊसही अडेल, आभाळही दिसेल. खोलीतला दिवसभरचा उजेड हा खिडकीतून किती आभाळ दिसतं त्यावर असतो, आणि ते आभाळ सध्या थोडं तुम्हीही झाकलंय.

हक्क सिद्ध झाला तरी कलम ३६ स्वतःच्या हातानं अडथळा दूर करायला मनाई करतं. भावाला हे कलम वाचून दाखवा.

एवढं असूनही कोर्टाची वेळ आलीच तर थेट दिवाणी दावा टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं याचा आनंद मलाही आहे, पण अशोकाच्या रांगेसाठी तिथपर्यंत जायची गरज नाही.

झाड पडण्याजोगं झालं असेल, म्हणजे बुंधा पोकळ, मुळापाशी माती उचललेली, खोडावर कुजकी अळिंबी, तर गोष्ट वेगळी. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तुमच्या पत्रावरून आंबा धडधाकट आहे. धोक्याचं खोटं कारण लावू नका. महापालिकेचा माणूस पाहणीला आला की एका नजरेत कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या मागणीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. फांद्या विजेच्या तारांना लागत असतील तर मात्र महावितरणला १९१२ वर कळवा. ते तारांपुरतंच छाटतात, तेवढीच अपेक्षा ठेवा.

परवानगीचा अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा. अर्जदार आप्पा किंवा मुलगा असावा, तुम्ही सोबत जा. 'वृक्षतोड' हा शब्द अर्जात येऊ देऊ नका. 'फांद्यांची छाटणी व विरळणी' असं लिहा, झाडाची जात, अंदाजे उंची, कुठल्या बाजूच्या किती उंचीपर्यंतच्या फांद्या हे लिहा आणि रेघा मारलेले फोटो जोडा. पूर्ण झाड काढायचं म्हटलं तर २०२१ पासून झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावायची अट आहे, आणि आंबा पन्नास वर्षांचा किंवा त्याहून जुना निघाला तर तो वारसा वृक्षांत मोडतो. त्यामुळे आप्पांचं "हात लावायचा नाही" हे तोडण्यापुरतं कायद्यालाही बरंच मान्य आहे. तुमच्यासारखीच अडचण पाचगाव-उचगावच्या बाजूला, ग्रामपंचायत हद्दीत असलेल्या वाचकांसाठी : तिथं १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा पाहावा लागतो, त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही सगळी घरगुती झाडं आहेत. आपल्या परड्यातलं म्हणून कापलं असं चालत नाही.

छाटणीची वेळ आंब्यासाठी ठरलेली आहे : फळं उतरल्यावर, जोराचा पाऊस लागण्याआधी. थंडीत केली तर मोहोर जातो आणि आप्पांचा जीवही. उन्हाची गरज तुम्हाला नोव्हेंबरपासून आहे, त्यामुळे जूनच्या सुरुवातीची छाटणी दोघांनाही सोयीची. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात, चढण्याआधी खालून नीट बघून घ्या, पिल्लं असतील तर ती फांदी पंधरा दिवस राहू द्या. माणूस लावताना दोर आणि करवत घेऊन येणारा बघा, नुसता कोयतेवाला नको. जाड फांदीला आधी खालून छेद, मग वरून, म्हणजे ती साल सोलत खाली येत नाही. शेवटचा काप खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर. खुंट ठेवायचा नाही आणि खोड तासायचंही नाही. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावून घ्या, आंबा बागायतदार लावतात तीच.

दरम्यान फुकटातलं एक काम : कंपाउंडच्या तुमच्या बाजूला शेवाळ घासून पांढरा रंग मारा. समोरच्या काळ्या भिंतीपेक्षा पांढरी भिंत खोलीत बराच उजेड टाकते.

सगळं जमल्यावर एका साध्या कागदावर लिहून दोन्ही घरांच्या सह्या घ्या, मुलगा गणपतीला आला की त्याचीही. अशोक किती फुटांवर ठेवायचा आणि दर किती महिन्यांनी उतरवायचा, आंब्याची खालची छाटणी पुन्हा कधी, लाकूड आप्पांचं, पाला-फाटी कोण नेणार आणि टेम्पोचं भाडं कुणाकडे. फांद्यांवरून न झालेली भांडणं दारात आठ दिवस पडून राहिलेल्या पाल्यावरून होतात, तेव्हा टेम्पो छाटणीच्या दिवशीच सांगून ठेवा.